रुईने कोंडलेला एसी: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गाडीचं उन्हाळ्याआधीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी, ९४,००० किलोमीटर धावलेली. मालक यवतमाळ जिल्ह्यातले कापूस उत्पादक. हंगामात स्वतःच्या कापसासोबत गावातल्या आणखी काही जणांचा कापूसही ते जिनिंगला, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, घालतात. त्यामुळे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ही गाडी आठवड्यातले चार-पाच दिवस जिनिंगच्या आवारात उभी असते. उरलेल्या वेळी शेतापर्यंतचा पांदण रस्ता आणि काळ्या मातीचा फुफाटा.

घरात वयस्कर आई, हृदयाची रुग्ण. दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणी, येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो आणि दवाखान्यातून सुटायला दुपार होतेच. म्हणून या घराला चालू एसी हवाच होता, तोही नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या, आधी.

एसीचा मागचा इतिहास थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये थंडावा कमी झाला, तालुक्याच्या गावी गॅस टाकला आणि गाडी पुन्हा गार झाली. गेल्या उन्हाळ्यात तीच तक्रार आली, पुन्हा गॅस टाकला, पण या वेळी फरक जवळपास पडला नाही. तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, "भाऊ, कॉम्प्रेसर बसला." नव्याचा खर्च २२,००० रुपये सांगितला गेला. मालकांनी तो उन्हाळा काचा खाली करून काढला.

तक्रार नेमकी काय होती

यंदा होळीनंतरच्या आठवड्यात गाडी तपासणीला आली. मालकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "गाडी पयते तवा थंड रायते, बाजारात उभी केली का निस्ती गरम हवा." या एका वाक्यात अर्धं निदान आहे. एसीची तक्रार ऐकताना "थंड होत नाही" एवढ्यावर थांबू नये. कधी होत नाही, ते विचारावं.

एसी थंडी तयार करत नाही. तो केबिनमधली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल करते आणि टाकण्याचं काम रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर. या दोघांमधून गॅस दाबून फिरवतो तो कॉम्प्रेसर. गाडी साठच्या वेगाने धावते तेव्हा समोरून भरपूर वारा कंडेन्सरमधून आरपार जातो. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पळताना गार आणि उभी असताना गरम, म्हणजे कंडेन्सरला पुरेशी हवा मिळत नाही, हा पहिला संशय. गॅस कमी असता तर गाडी पळतानाही फारशी गार झाली नसती.

पहिल्या दिवसाची तपासणी

दुपारी, सावलीत ३७ अंश असताना मधल्या झरोक्यात थर्मामीटर लावला. एसी पूर्ण थंडवर, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं, दारं-काचा बंद. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, पाच मिनिटांनी २१ अंश. रस्त्यावर ६० च्या वेगाने १२ अंश. मालकांची तक्रार आकड्यांत उतरली.

गेज, म्हणजे दाब मोजणारं यंत्र, लावल्यावर आयडलवर लो साइड (कॉइलकडची कमी दाबाची बाजू) ६२ पीएसआय, हाय साइड (कंडेन्सरकडची जास्त दाबाची बाजू) ३४० पीएसआय. पीएसआय हे दाबाचं माप. या हवेत १,५०० आरपीएमला हाय साइड साधारण २२० ते २५० आणि लो साइड ३० ते ४५ च्या घरात असावी. आयडलवर थोडी वर-खाली होते, पण ३४० पर्यंत जात नाही. ६२ पीएसआयला आर-१३४ए हा एसीतला गॅस १७-१८ अंशांवर उकळतो. कूलिंग कॉइलच १८ अंशांची असेल तर झरोक्यातून ८ अंशांची हवा येणार कुठून?

इथे कॉम्प्रेसरचा आरोप निकालात निघाला. कॉम्प्रेसर खरंच थकलेला असेल तर लो साइड चढलेली आणि हाय साइड पडलेली दिसते, कारण तो दाब तयारच करू शकत नाही. ३४० चढवणारा कॉम्प्रेसर बसलेला नसतो. उलट तो नको इतका राबत असतो, आणि असाच राबवला तर पुढे खरोखर बसतो. गेल्या वर्षी दोन्ही बाजूंचे आकडे कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले असते, तर २२,००० चा विषयच निघाला नसता.

पंखा फिरत होता, दोन्ही वेगांवर. तरी समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं तेव्हा ते चिकटलं नाही, खाली पडलं. चांगल्या गाडीत पंखा चालू असताना पान जाळीला ओढून धरलं जातं. मग कंडेन्सरवर साध्या पाण्याचा फवारा मारला. मिनिटभरात हाय साइड ३४० वरून २५५ वर आली आणि झरोक्यात १५ अंश झाले. कंडेन्सरला उष्णता टाकता येत नव्हती, हे नक्की झालं. मात्र या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवावी. गॅस जास्त भरलेला असला तरी पाण्याने दाब असाच उतरतो. हवेची वाट बंद की गॅस जास्त, हे पाणी सांगत नाही.

गोंधळात टाकणारी गोष्ट पुढेच होती. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. मालक दर पंधरा दिवसांनी वॉशिंग सेंटरला गाडी धुवून घेतात आणि "जाळीपण मारून द्या" असं सांगतात. वरून, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत टॉर्च टाकला तेव्हा खरा प्रकार दिसला. उडती रुई, त्यावर काळी माती, त्यावर पुन्हा रुई, असा ओल्या घोंगडीसारखा राखाडी थर फटीत वरपासून खालपर्यंत बसला होता. समोरून मारलेल्या जोराच्या फवाऱ्याने दरवेळी पुढचा कचरा आत ढकलला होता. शिवाय कंडेन्सरचे पातळ पत्रे उजव्या बाजूला हातभर पट्ट्यात आडवे झाले होते. तेही त्याच फवाऱ्याचं काम.

ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर गाडी घेतल्यापासून बदललेलाच नव्हता. त्यात रुई, धूळ आणि कडुनिंबाची वाळकी पानं. ब्लोअर चौथ्या नंबरवरही दमलेला का वाटत होता, ते कळलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांच्या मनात होता तोच: थोडा गॅस टाकून पाहू. सात-आठशे रुपयांत काम, तासाभरात मोकळे. ३४० पीएसआय असलेल्या यंत्रणेत आणखी गॅस म्हणजे दुखणं वाढवणं, म्हणून तो लगेच बाजूला ठेवला. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही हे गाडीवाल्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

दुसरा, कॉम्प्रेसर बदलणं. तो आकड्यांनीच बाद केला. तिसरा, कंडेन्सर नवा टाकणं. पत्रे वाकले होते, पण नळ्या शाबूत होत्या आणि कुठे तेलाचा डाग नव्हता, म्हणून आधी साफ करून पाहायचं ठरलं.

चौथा, आधी हवेची वाट मोकळी करायची, पुन्हा मोजायचं आणि मगच गॅसला हात लावायचा. हाच निवडला. अडचण वेळेची होती. गॅस काढून, वजन करून परत भरणारं मशीन तालुक्याला नव्हतं, त्यासाठी यवतमाळला जावं लागणार. आणि आईची दवाखान्याची तारीख तीन दिवसांवर.

केलेलं काम: हवेची वाट

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर समोरची जाळी आणि वरची आडवी पट्टी काढली, मागून पंखा शील्डसकट उतरवला. रेडिएटरचे वरचे दोन रबर सोडवून तो मागे झुकवला, पाण्याचे पाइप न काढता. बोटांच्या चिमटीने तो थर वरून सोलायला सुरुवात केली तर तळहाताएवढे तुकडे अखंड निघाले. आत सरकीची टरफलंही होती. काम करताना नाकावर रुमाल हवाच, ही धूळ फुफ्फुसाला चांगली नाही.

उरलेल्या कचऱ्यासाठी पाणी मागून पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूने बाहेर. कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जावा. त्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप वापरला. त्याचा दाब या कामाला नेमका आहे, पत्रे वाकत नाहीत. पण पंप कोरा हवा. ज्यातून कीटकनाशक किंवा तणनाशक एकदाही मारलं आहे तो कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये.  २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले आहेत, इथे निष्काळजीपणाला जागा नाही. कॉस्टिक किंवा ॲसिडचं क्लीनरही टाळावं, ॲल्युमिनियम खातं. साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण पुरला. मळकट पाणी जाऊन नितळ पाणी यायला सुमारे चाळीस लिटर लागलं.

वाकलेले पत्रे दातेरी फणीने सरळ केले. फणी नसेल तर लाकडी टोकदार काडी चालते, स्क्रूड्रायव्हर नाही. त्याचं टोक नळीला लागलं तर आजवर नसलेली गळती तयार होते.

नवा केबिन फिल्टर बसवून, ३७ अंशांतच पुन्हा मोजलं. आयडलवर हाय साइड २८५, लो साइड ४८, झरोक्यात १५ अंश. रस्त्यावर १० अंश. सुधारणा मोठी होती, पण आकडे अजून वरच. वर्तमानपत्राचं पान आता जाळीला चिकटून राहत होतं, म्हणजे हवेचा दोष संपला होता. उरलेला दोष नळ्यांच्या आत होता.

दुसरा टप्पा: आत काय आहे

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीला, इंजिन सुरू न करता गेज लावलं. हवा २७ अंश. निव्वळ आर-१३४ए असेल तर या तापमानाला दोन्ही बाजूंना सुमारे ८८ पीएसआय दिसायला हवं. दिसलं १०४. उभ्या गाडीतला हा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडा जरी द्रव गॅस असेल तरी दाब तापमानानुसार तेवढाच राहतो. पण तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त असेल, तर आत गॅसबरोबर हवा शिरली आहे किंवा दुसराच कुठला गॅस मिसळला आहे. व्हॅक्युम न करता (म्हणजे पंपाने आतली हवा ओढून न घेता), पाइपमधली हवा न काढता गॅसचा कॅन जोडला की हवा आत जाते. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, फक्त जागा अडवते आणि दाब चढवते.

लो साइडच्या सर्व्हिस पोर्टला, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाला, टोपी नव्हती. त्याभोवती तेलकट धुळीचं काळं कडं जमलं होतं. साबणाचा फेस लावला तर दर चार-पाच सेकंदांनी एक बुडबुडा. दोन वर्षांपूर्वी गॅस खरोखर कमी का झाला होता, त्याचं उत्तर इथे होतं: वॉल्व्हची पिन झिरपत होती. तेव्हा गॅस टाकणाऱ्याने पिन पाहिली नाही, आणि टोपी बहुधा तेव्हाच हरवली. त्या टोपीत रबरी सील असतं, ती धुळीपासून वाचवते आणि झिरपणंही रोखते.

निर्णयाचा अवघड क्षण

मिस्त्रींनी सुचवलं, "पिन दाबून थोडा गॅस सोडून देऊ, दाब उतरेल, सेवाग्राम होऊन जाईल." सूचना आईच्या काळजीपोटी होती आणि मोह व्हावा अशीच होती. ती नाकारण्याची कारणं चार होती. किती गॅस गेला ते मोजता येत नाही. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही उडतं. हा द्रव गॅस उघड्यावर उणे २६ अंशांवर उकळतो, बोटांवर आला तर कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. आणि आर-१३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० किलोइतकी उष्णता धरून ठेवतो. विदर्भाचा उन्हाळा ज्यांना सोसावा लागतो त्यांनी तरी तो हवेत सोडू नये.

म्हणून ठरलं असं: रस्त्यावर १० अंश मिळताहेत, गाडी आहे तशी न्यायची. पहाटे पाचला निघायचं, परतताना गर्दीच्या जागी थांबायचं नाही, उभं राहावं लागलंच तर सावली बघायची. आईंचा प्रवास नीट झाला. मशीनचं काम त्यानंतरच्या सोमवारी यवतमाळला.

केलेलं काम: गॅस

मशीनने आतला गॅस ओढून वजन केलं: ५१० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४०० ग्रॅम लिहिलेलं. दोन वर्षं पिन झिरपत असूनही ११० ग्रॅम जास्त, इतकं अंदाजाने ओतलं गेलं होतं. जास्तीचा द्रव गॅस कंडेन्सरच्या खालच्या नळ्या भरून टाकतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही आणि दोन्ही बाजूंचा दाब चढतो. बाहेरून रुईने आणि आतून जादा गॅसने असा हा कंडेन्सर दोन्हीकडून कोंडला होता.

काढलेला गॅस परत भरायचा की नाही? मशीन त्यातलं तेल आणि ओलावा गाळतं. पण १०४ पीएसआयचं कारण फक्त हवा आहे की स्वस्त मिश्रण, याची खात्री तिथे करता येत नव्हती. बाजारात ज्वलनशील वायू मिसळलेला गॅसही मिळतो, आणि तो केबिनमध्ये गळला तर ठिणगीचा धोका. त्यामुळे तो वेगळ्या सिलिंडरमध्ये ठेवला आणि नवा गॅस घेतला.

दोन्ही पोर्टच्या पिना बदलल्या, टोप्या बसवल्या. या गाडीत ड्रायर कंडेन्सरच्या बाजूच्या नळीत असतो. खालचा प्लग काढून ओलावा शोषणारी पिशवी आणि ओ-रिंग नवी घातली, ओ-रिंगला पीएजी ४६ या कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट लावून. हवा शिरली म्हणजे ओलावाही शिरला, जुनी पिशवी भिजलेली मानायची. मग ४५ मिनिटं व्हॅक्युम, पंप बंद करून २० मिनिटं वाट. सुई हलली नाही. २० मिलीलिटर तेल आणि वजनकाट्यावर मोजून ४०० ग्रॅम गॅस.

खर्च असा झाला: साफसफाईची मजुरी ८००, केबिन फिल्टर ३५०, पिना-टोप्या १२०, ड्रायरची पिशवी आणि ओ-रिंग ६५०, मशीनचं काम गॅस-तेलासह २,३००. एकूण ४,२२० रुपये.

निष्पत्ती

त्याच दिवशी दुपारी, ३८ अंशांत, १,५०० आरपीएमला लो साइड ३२, हाय साइड २४०. झरोक्यात ९ अंश, आयडलवर ११. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी रस्त्यावर १२ आणि उभ्या गाडीत १६ अंश मिळाले. ४५ मध्ये मार्चचा आकडा मागू नये. बाहेरची हवाच तापलेली असेल तर कंडेन्सर तरी उष्णता कुठे टाकणार.

मेमध्ये मालकांना एक शंका आली: गाडीखाली एसीचं पाणी टपकत नाही, पाइप तुंबला का? पाइप मोकळा होता. विदर्भाच्या मेमधली हवा इतकी कोरडी की कॉइलवर पाणी धरतच नाही. तेच जुलैमध्ये टपकलं नाही तर मात्र पाइप पाहावा, नाहीतर पाणी पायाखालच्या मॅटमध्ये उतरतं.

उन्हात तापलेली गाडी गार व्हायला वेळ लागतो, त्यावर साधा उपाय चालला. आधी चारही काचा खाली करून एसीसह शे-दोनशे मीटर जायचं, कोंडलेली भट्टी बाहेर काढायची, मग काचा बंद करून आतली हवा फिरवायची.

काय वेगळं करता आलं असतं

या तपासणीतलीच एक चूक आधी. उभ्या गाडीचा दाब पहिल्याच दिवशी, इंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यायला हवा होता. तो दुसऱ्या सकाळी घेतला. आत हवा आहे हे एक दिवस आधी कळलं असतं, तर यवतमाळची वेळ तेव्हाच मागता आली असती आणि कदाचित दवाखान्याच्या आधी काम झालं असतं. गार इंजिनवर दोन मिनिटांची ही नोंद यापुढे पहिल्या पायरीवर.

दोन वर्षांपूर्वी गॅस टाकला तेव्हा वजनकाटा आणि साबणाचा फेस एवढं वापरलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. ४०० ग्रॅमच्या यंत्रणेत ५०-६० ग्रॅमची चूकही जाणवते, आणि "पाइप गार लागेपर्यंत भर" ही पद्धत त्याहून मोठी चूक करते.

मालकांना जाळीपुढे मच्छरदाणीचं कापड बांधायचं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. कापड रुई अडवतं हे खरं, पण दोन दिवसांत स्वतःच भरतं आणि हवा अडवतं. रोज झटकणार असाल तरच बांधा, असं सांगितलं. त्यांनी सोपा मार्ग घेतला: जिनिंगमध्ये गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गठाण्यांच्या गोदामाकडे, आणि तोंड भिंतीकडे करून लावायची.

वॉशिंग सेंटरला आता जाळीवर फवारा मारू देत नाहीत. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवतात, त्याने कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलात राहतं. आणि तपासणी मार्चऐवजी फेब्रुवारीअखेर, कापूस संपला की लगेच, यवतमाळच्या मशीनपुढे रांग लागायच्या आधी.

बॉनेटच्या आत, स्टिकरशेजारी, एक कागद चिकटवला आहे: भरल्याची तारीख, गॅस ४०० ग्रॅम, तेल २० मिलीलिटर, उभ्या गाडीचा दाब २७ अंशांना ८८. पुढच्या मिस्त्रीने गॅसचा पाइप हातात घेण्याआधी तो वाचावा, म्हणून मोठ्या अक्षरांत.